नागपूर की वर्धा? अपडाउनवाल्या घरांनी राहायचं कुठे ते कसं ठरवायचं

माझ्या नवऱ्याने नऊ वर्षं नागपूर-वर्धा अपडाउन केलं. आम्ही मनीषनगरला भाड्याने राहायचो, त्याची नोकरी वर्ध्याच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, माझी बुटीबोरी एमआयडीसीत अकाउंट्सची, घरी सासूबाई आणि मुलगी. सकाळी सहाला तो निघायचा, डबा मी रात्रीच भरून ठेवायची, आणि रात्री परत आला की मुलीशी बोलायला त्याच्याकडे जेवणापुरताच वेळ उरायचा. वर्ध्यालाच जाऊन राहू हा विषय दर सहा महिन्यांनी निघायचा आणि दर वेळी कोणी ना कोणी म्हणायचं, नागपूर सोडून वर्ध्याला कोण जातं का?

शेवटी आम्ही गेलो, २०२३ च्या मे महिन्यात. तेव्हापासून ओळखीतले, ट्रेनमधले, ऑफिसमधले किती तरी जण विचारून राहिले की आम्ही पण जाऊ का. मी सगळ्यांना एकच उत्तर देत नाही कारण ते सगळ्यांसाठी एक नाहीच, दोघांची नोकरी सीताबर्डी-सिव्हिल लाइन्सला असेल तर वर्ध्याचा विचारच नको. पण ज्यांचा एक पाय इकडे आणि एक तिकडे आहे, म्हणजे सेवाग्राम-सावंगीचे हॉस्पिटलवाले, हिंदी विद्यापीठातले, सेलू-सिंदीकडचे झेडपीचे शिक्षक, बँकवाले, बुटीबोरी एमआयडीसी आणि नागपूर एअरपोर्टजवळच्या मिहानमधल्या कंपन्यांतले, त्यांच्यासाठी आम्ही काय केलं आणि काय करायला पाहिजे होतं ते क्रमाने लिहिते.

पायरी १: घरात कोणाचं ठिकाण हलत नाही ते आधी लिहा

हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि आम्हाला हे समजायलाच चार-पाच वर्षं गेली. एक वही घ्या, घरातल्या प्रत्येकाचं नाव लिहा, पुढे लिहा की तो रोज कुठे जातो, किती वाजता, आणि ते ठिकाण पुढच्या पाच वर्षांत बदलू शकतं का. "बदलू शकतं का" हा रकाना सोडू नका, सगळं उत्तर तिथेच आहे.

आमच्या वहीत असं निघालं की नवऱ्याची नोकरी हलणार नाही, माझी हलू शकते (अकाउंट्सवाल्यांना मिहानमध्ये, हिंगण्याला, वर्ध्याला, कुठेही काम मिळतं), मुलगी पाचवीत म्हणजे शाळा बदलायला हरकत नाही, आणि सासूबाईंना गुडघ्यांमुळे लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगचे तीन मजले रोज चढता येत नव्हते पण त्या बोलत नव्हत्या. आम्ही इतकी वर्षं घर मोजून राहिलो होतो ते नागपूर स्टेशनपासून, एअरपोर्टपासून, मॉलपासून. मोजायला पाहिजे होतं ज्याचं ठिकाण हलत नाही त्याच्यापासून, आणि ज्याला घराबाहेर पडणंच जमत नाही त्याच्यापासून.

ज्या घरात दोघांचीही ठिकाणं हलत नाहीत, एकाचं वर्ध्यात आणि एकाचं नागपुरात, तिथे अपडाउन कोणी ना कोणी करणारच. मग ते कोणी करायचं हे तब्येत, ड्युटीची वेळ आणि घरी यायला किती उशीर चालतो यावर ठरवा, कोणाचा पगार जास्त यावर नाही. आमच्याकडे आधी पगारावरच ठरलं होतं, माझा थोडा जास्त म्हणून घर माझ्या बाजूला, आणि त्याची पाठ गेली.

पायरी २: रस्ता पंधरा दिवस स्वतः करून बघा

नागपूर ते वर्धा रेल्वेने साधारण ७९ किलोमीटर. फास्ट गाडी मिळाली तर सव्वा तासाच्या आत-बाहेर. पण तो फक्त गाडीतला वेळ. घरापासून स्टेशन, गाडीची वाट, आणि तिकडे उतरून कामाच्या दारापर्यंत, हे सगळं धरून घड्याळ लावा. आमच्याकडे दारापासून दारापर्यंत दोन तास दहा मिनिटं भरायचे, दोन्हीकडून मिळून दिवसाचे चार तास वीस मिनिटं.

ट्रेनचं काय काय बघायचं ते सांगते. पहिलं म्हणजे दिशा. सकाळी नागपूरहून वर्ध्याकडे जाणाऱ्या गाड्यांपैकी बऱ्याच दिल्लीकडून येतात, आणि डिसेंबर-जानेवारीत उत्तरेत धुकं पडलं की त्या तासन् तास लेट होतात. उलट वर्ध्याहून सकाळी नागपूरला जायचं असेल तर रात्री मुंबई-पुण्याहून सुटलेल्या गाड्या मिळतात, त्यांना त्या धुक्याचा त्रास नाही. म्हणजे वर्ध्यात राहून नागपूरला नोकरी करणं आणि नागपुरात राहून वर्ध्याला नोकरी करणं, अंतर तेच असलं तरी हिवाळ्यात दोन्ही सारखं नाही. हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

दुसरं, स्टेशन दोन आहेत, वर्धा आणि सेवाग्राम, मधे तीनेक किलोमीटर. मुंबई-पुण्याच्या लाइनवरच्या गाड्या वर्ध्याला थांबतात, चेन्नई-हैदराबादकडच्या सेवाग्रामला, त्यामुळे गाडी कुठली आहे बघून गाडी-स्टँडवरची आपली टू-व्हीलर कोणत्या स्टेशनला ठेवायची ते ठरवावं लागतं. सकाळी एका स्टेशनवर गाडी लावून रात्री दुसऱ्यावर उतरायची वेळ नवऱ्यावर महिन्यातून दोन-तीनदा यायची.

तिसरं, पास. मासिक पास जनरल डब्याचा असतो, सुपरफास्टने जायचं तर वरचा सरचार्ज भरलेला पाहिजे, आणि पास आहे म्हणून रिझर्वेशनच्या डब्यात बसाल तर टीसी दंड लावतो. जनरलची गर्दी सणासुदीला, लग्नसराईत कशी असते ते एकदा उभं राहून बघा, मगच "ट्रेन आहे ना" म्हणा. शिवाय या लाइनवर तिसऱ्या-चौथ्या लाइनचं काम काही वर्षांपासून चालू आहे, ब्लॉक लागला की आधी गोत्यात येतात पॅसेंजर आणि मेमू (लोकलसारखी गाडी) वाले. बोरखेडी, सिंदी, तुळजापूर, सेलू रोड अशा मधल्या स्टेशनवर उतरणाऱ्या शिक्षकांना दुसरी गाडीच नसते, त्यांनी हे दोनदा धरावं.

आता रस्ता. नेहमीचा म्हणजे वर्धा रोडने बुटीबोरी, तिथे हैदराबाद हायवे सोडून तुळजापूर हायवेने सेलू आणि वर्धा. रस्ता चांगला आहे, टोल आहे. बुटीबोरी नागपूरपासून साधारण ३० आणि वर्ध्यापासून ५० किलोमीटर पडतं, पण माझा अनुभव असा की वर्ध्याकडून येताना ते ५० किलोमीटर सरळ जातात आणि नागपूरकडून येताना त्या ३० मध्ये सिग्नल, चिंचभुवन, खापरी, जामठ्याच्या स्टेडियमवर मॅच असली तर तो जाम, हे सगळं लागतं. वेळेत फरक पडायचा पंधरा-वीस मिनिटांचा, अंतरावरून वाटतो तेवढा नाही.

समृद्धी महामार्ग ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर-शिर्डी सुरू झाला आणि वर्ध्यासाठी येळाकेळीला उतरता येतं. कार असेल तर भारी रस्ता आहे, पण टू-व्हीलर चालत नाही, आणि तो जिथून सुरू होतो त्या शिवमडक्यापर्यंत पोचायला नागपुरातून किती वेळ लागतो ते तुमच्या घरावर आहे. हिंगणा रोडवाल्याला सोयीचं, नंदनवनवाल्याला नाही. रोजसाठी टोल आणि पेट्रोल जोडून बघा.

मेट्रो ऑटोमोटिव्ह चौक ते खापरी आणि लोकमान्यनगर ते प्रजापतीनगर अशी चालू आहे, दुसऱ्या टप्प्यात खापरीच्या पुढे बुटीबोरी एमआयडीसीपर्यंतचं काम चालू आहे. ते पूर्ण झालं की बुटीबोरीवाल्यांचं गणित बदलेल. पण मी सगळ्यांना सांगते, आज जे चालू आहे तेच धरा. मिहानची घोषणा झाली तेव्हा बेसा-बेलतरोडी-जामठ्याकडे किती लोकांनी प्लॉट घेऊन ठेवले आणि किती वर्षं वाट बघितली हे आपल्याकडे प्रत्येक घरात कोणी ना कोणी सांगेल. वर्ध्याकडे आता शक्तिपीठ महामार्गाचं नाव घेऊन पवनारच्या बाजूला प्लॉट दाखवतात. कागदावरच्या रस्त्याने कोणी ऑफिसला जात नाही.

तर करायचं काय, पंधरा दिवस सलग, नोकरीच्या खऱ्या वेळेला, दोन्ही दिशांनी जमेल तसं करून बघा, आणि रोज रात्री वहीत किती वाजता घरात पाय टाकला तेवढंच लिहा. सुट्टीच्या दिवशी कारने जाऊन आलेला अंदाज खोटा निघतो.

पायरी ३: घर मे महिन्यात बघा

डिसेंबरमध्ये दोन्ही शहरं सुंदर. घर बघायचं ते मेमध्ये, दुपारी तीनला. उन्हाचं म्हणाल तर फरक काही नाही, नागपूरला २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ पर्यंत गेला होता आणि वर्धाही ४५-४६ ला काही मागे नसतं. फरक पडतो तो पाण्यात.

आमच्या दोन कूलरना मेमध्ये दिवसाला सात-आठ बादल्या पाणी लागायचं. मनीषनगरच्या त्या बिल्डिंगमध्ये बोअर एप्रिलच्या शेवटी आटायची, मग टँकर, टँकरचे पैसे सोसायटीत वाटून घ्यायचे, आणि दर वर्षी त्यावरून भांडण. सासूबाई दुपारी कूलर बंद करून पदराने वारा घेत बसायच्या, म्हणायच्या पाणी वाचते बाई. मी ऑफिसमध्ये एसीत बसलेली असायची आणि हे मला कळलं तेव्हा फार लागलं.

नागपूर शहराचं पाणी पेंच आणि कन्हानवरून येतं, जुन्या वस्त्यांमध्ये, म्हणजे धरमपेठ, महाल, लक्ष्मीनगर, प्रतापनगर या भागांत ते बऱ्यापैकी येतं. प्रश्न कडेच्या नव्या लेआउटचा आहे, तिथे महापालिकेची लाइन आली आहे की सगळं बोअर आणि टँकरवर, हे बिल्डरला नाही, खालच्या मजल्यावरच्या बाईला विचारा. वर्ध्यात धाम नदीचं पाणी, आणि शहराला लागून असलेल्या पिपरी मेघे, सिंदी मेघेसारख्या गावांची जीवन प्राधिकरणाची वेगळी योजना. आमच्याकडे उन्हाळ्यात नळ दिवसाआड येतो, टाकी मोठी ठेवावी लागते. म्हणजे वर्ध्यात पाण्याची चैन आहे असं नाही, फक्त आता आमच्या घराची विहीर आहे आणि ती मेमध्येही चालते. वर्ध्याच्या जुन्या लेआउटमध्ये अशा विहिरी अजून आहेत, घर बघताना झाकण उघडून आत डोकावा, पाणी कुठे आहे ते मालकाच्या तोंडून ऐकण्यापेक्षा डोळ्याने बघा.

आणि एक फेरी पावसाळ्यात मारा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात जे झालं ते विसरू नका, अंबाझरी ओव्हरफ्लो झाला, नाग नदी घराघरात शिरली, अंबाझरी लेआउटपासून मोरभवन बसस्टँडपर्यंत पाणी. ते महागडे, जुने, चांगले समजले जाणारे भाग होते. आम्ही तेव्हा वर्ध्यात आलेलो पण माझ्या मावशीकडे खालच्या मजल्यावर कंबरभर पाणी होतं, फ्रीज तरंगत होता. त्यामुळे नागपुरात नाल्याच्या, नदीच्या शंभर-दोनशे मीटरमध्ये ग्राउंड फ्लोअर घेताना दहादा विचार करा, भिंतीवर पाण्याची रेघ आहे का बघा, नवा रंग फक्त खालच्या तीन फुटांना दिला असेल तर विचारा का दिला.

पायरी ४: पैसे मोजा, पण भाड्यावर थांबू नका

सगळे म्हणतात वर्धा स्वस्त. आमचा हिशोब सांगते. मनीषनगरला टू-बीएचकेचं भाडं १४,००० देत होतो, वर्ध्यात रामनगरला तळमजल्याचं पूर्ण घर, अंगण, विहीर धरून ९,०००. पास, स्टेशनचं गाडी-स्टँड, लेट झाल्यावरच्या ऑटो, असे नवऱ्याचे दोनेक हजार वाचले. पण माझं उलट वाढलं, कंपनीची बस नागपूरच्या बाजूने होती, वर्ध्याकडून नव्हती, तर आम्ही चौघी मिळून एक कार लावली, माझ्या वाट्याला महिन्याला ४,००० येतात. मग मुलीची शाळा इकडे स्वस्त पडली. आणि नागपूरला महिन्यातून दोन फेऱ्या होतातच, माहेर आहे, लग्नं आहेत, इतवारीतली खरेदी आहे. सगळं जोडून महिन्याला सहा-साडेसहा हजार वाचतात. वाईट नाही, पण निव्वळ त्यासाठी शहर बदललं असतं तर पस्तावलो असतो.

हिशोबात आणखी एक रकाना घाला, वेळेचा. नवऱ्याचे दिवसाचे जवळपास चार तास परत मिळाले, माझा जाऊन-येऊन अर्धा तास वाढला. घराचे मिळून साडेतीन तास रोज. ते कशात जातात हे मी सांगू शकते, तो संध्याकाळी आईला घेऊन हळूहळू कोपऱ्यापर्यंत चालतो आणि मुलीचं गणित घेतो.

पायरी ५: दवाखाना आणि शाळा

दवाखान्याच्या बाबतीत लोकांचा वर्ध्याबद्दल चुकीचा समज आहे. लाखाच्या थोड्या वरच्या वस्तीच्या शहराला (२०११ च्या जनगणनेत नागपूर २४ लाखांवर होतं) दोन मेडिकल कॉलेजं लागून आहेत, सेवाग्रामचं १९६९ पासूनचं, महात्मा गांधींच्या नावाचं, त्याचं कस्तुरबा हॉस्पिटल, आणि दुसरं सावंगीचं. रात्री दोनला छातीत दुखलं तर वर्ध्यात दहा-पंधरा मिनिटांत मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत पोचता येतं, नागपूरच्या कडेच्या लेआउटमधून धंतोली-रामदासपेठेत पोचायला कधी कधी त्याहून जास्त लागतं. पण ज्यांची एखाद्या ठरावीक सुपरस्पेशालिस्टकडे दर महिन्याला ट्रीटमेंट चालू आहे त्यांचा डॉक्टर नागपूरलाच असणार, मग ती फेरी धरा. मिहानमधलं एम्स आणि जामठ्याचं कॅन्सर हॉस्पिटल दोन्ही वर्धा रोडच्या बाजूला असल्याने वर्ध्यावाल्यांना शहरात न शिरता तिथे जाता येतं, ही सोय आहे.

शाळेचं असं, दहावीपर्यंत वर्ध्यात काही अडत नाही. सेवाग्रामला आनंद निकेतन आहे, गांधीजींच्या नई तालीमची, मुलं शेतात काम करतात, सूत काततात, ज्यांना तसं शिक्षण हवं त्यांच्यासाठी ती नागपुरात मिळणारी गोष्ट नाही. प्रश्न अकरावी-बारावीचा. नीट-जेईईचे मोठे क्लासेस, टेस्ट सिरीज, तो सगळा माहोल नागपूरला आहे, आणि वर्ध्याची कितीतरी मुलं त्यासाठी तिकडे होस्टेलला जातात. आमची मुलगी अजून लहान आहे पण आम्ही हे आताच बोलून ठेवलंय की तिला तसं हवं असेल तर दोन वर्षं मी तिला घेऊन माहेरच्या जवळ राहीन. तुमचं मूल आज नववीत असेल तर थांबा, दोन-तीन वर्षं थांबल्याने काही बिघडत नाही, बारावीच्या तोंडावर शहर बदलू नका.

पायरी ६: शहर नाही, मोहल्ला निवडा

नागपूर एक नाहीच. वर्ध्याला नोकरी आणि तरी नागपुरातच राहायचं असेल तर अजनी स्टेशनच्या आसपास बघा, धंतोली, अजनी, रामेश्वरी, नरेंद्रनगर, मनीषनगर या पट्ट्यात. मात्र आपली गाडी अजनीला थांबते की नाही ते आधी तपासा, सगळ्या थांबत नाहीत. जरीपटका, कामठी रोड, पारडी, वाठोडा इकडे राहून वर्ध्याला रोज जाणं म्हणजे शहर ओलांडण्यातच पाऊण तास. वाठोडा-पारडीकडे स्वस्त दिसलं तर भांडेवाडीच्या डम्पिंग यार्डाकडून वारा येतो का ते संध्याकाळी जाऊन बघा, आणि कोराडी-खापरखेड्याकडे थर्मलची राख गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर येते का ते तिथल्याच बायकांना विचारा.

वर्ध्यात रामनगर, गांधीनगर, आर्वी नाका, प्रतापनगर हे नगर परिषदेचे भाग, आणि सिंदी मेघे, पिपरी मेघे, बोरगाव मेघे, नालवाडी, म्हसाळा ही दिसायला शहरच पण ग्रामपंचायतीत. फरक कर, पाणी, कचरा, रस्त्यावरचे लाइट सगळ्यात पडतो. सावंगीला नोकरी असेल तर त्या बाजूला, सेवाग्रामला असेल तर सेवाग्राम रोडला, एवढं छोटं शहर असूनही उलट्या टोकाला घर घेतलं की बजाज चौकातली गर्दी रोज आहेच.

आणि मनाचंही बघा बरं का. नागपुरात रात्री अकराला तर्री-पोहे मिळतात, नाटक आहे, नोकऱ्या बदलायला वाव आहे, कोणी तुमच्याकडे बघत नाही. वर्ध्यात नऊनंतर सामसूम, आणि नवीन सून आली की गल्लीला आठवड्यात सगळं माहीत. मला पहिले चार महिने फार जड गेले, महालात वाढलेली मी, मला रात्री रस्त्यावर माणसं लागतात. सासूबाईंना मात्र इथे शेजार मिळाला, रविवारी त्या पवनारला धामच्या काठी जाऊन बसतात, येताना गोरसपाक आणतात. जिल्ह्यात दारूबंदी आहे हे पण लक्षात घ्या, नागपूरहून येताना गाडी तपासू शकतात, पाहुण्यांना आधीच सांगून ठेवलेलं बरं.

पायरी ७: आधी अकरा महिने भाड्याने

काहीही झालं तरी विकत घेऊन जाऊ नका. नागपूरचं घर स्वतःचं असेल तर ते विकू नका, भाड्याने द्या. दोन्हीकडचे करार अकरा महिन्यांचे असले तरी रजिस्टर्डच करा, आपल्याकडे तो कायदाच आहे आणि आता ऑनलाइन होतं. अकरा महिन्यांत उन्हाळा, पावसाळा, हिवाळा, गणपती-दिवाळी सगळं होऊन जातं. सहाव्या महिन्यात घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळं विचारा, सगळ्यांसमोर नाही, कारण सगळ्यांसमोर म्हातारी माणसं आणि मुलं खरं सांगत नाहीत.

पायरी ८: विकत घ्यायची वेळ आली तर

इथे आमची चूक सांगते. वर्ध्याला आल्यावर तिसऱ्याच महिन्यात एका एजंटने शहराबाहेर लेआउट दाखवला, चुन्याच्या रेघा मारलेल्या, गेटवर कमान, दोन नारळाची रोपं. भाव आजच्या दिवसापुरता म्हणाला. आम्ही ५१,००० टोकन दिलं, साध्या पावतीवर. नंतर सातबारा काढला तर जमीन शेतीचीच, एनए म्हणजे बिगरशेती झालेलीच नाही, लेआउट मंजूर नाही. पैसे परत यायला आठ महिने आणि असंख्य फोन लागले, त्यातले ११,००० आलेच नाहीत.

म्हणून टोकनच्या आधी सातबारा स्वतः काढा, भोगवटादार वर्ग १ आहे की २ ते बघा (वर्ग २ ची जमीन विकायला सरकारी परवानगी लागते), बिगरशेती झाल्याचा कागद आणि मंजूर नकाशा मागा, आणि प्रोजेक्टचा महारेरा नंबर साइटवर टाकून बघा (५०० चौरस मीटरच्या वर जागा आणि आठच्या वर फ्लॅट असतील तर नोंदणी लागतेच). नागपुरात गुंठेवारीच्या लेआउटमधला प्लॉट असेल तर आरएल (प्लॉट नियमित केल्याचं पत्र) आहे का हा पहिला प्रश्न, "अर्ज केला आहे, येऊन जाईल" हे उत्तर म्हणजे नाही. शहराच्या बाहेरचं असेल तर एनएमआरडीएची (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची) मंजुरी. वर्ध्यात ग्रामपंचायतीचा नमुना आठ दाखवून काम भागवायला बघतात, तो कराचा उतारा आहे, मालकीचा कागद नाही. वकिलाला पाच-सात हजार देऊन जमिनीच्या मालकीचा सर्च रिपोर्ट काढून घ्या आणि वकील तुमचा पाहिजे, एजंटने आणलेला नको. घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट मिळते, तीस लाखाच्या घरात तीस हजार होतात, आणि बाईच्या नावावर घर होतं ती गोष्ट वेगळीच.

आम्ही अजून विकत घेतलेलं नाही. मुलीच्या दहावीपर्यंत भाड्यानेच राहायचं ठरलंय.

शिफ्टिंगचं थोडक्यात

विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत सामान हलवा म्हणजे महिनाभर हातात मिळतो. शाळेचा दाखला काढताना नव्या शाळेने प्रवेश देतो म्हटल्याचं आधी पक्कं करा, आधारवरचा पत्ता, गॅस, बँक हे रजिस्टर्ड भाडेकरारावर होऊन जातं. मजूर पहाटे पाचला बोलवा, दहानंतर उन्हात त्यांना फ्रीज उचलायला लावू नका, आणि ट्रकमध्ये कूलर सगळ्यात शेवटी चढवा, म्हणजे उतरताना तो पहिला निघतो. आम्ही तो पलंगांच्या मागे घातला होता आणि सासूबाई रिकाम्या घरात भिंतीला टेकून अडीच तास घामात बसल्या होत्या. एक दिवस आधी कोणाला तरी पाठवून टाकी भरून ठेवा, कूलरचे पॅड नवे घ्या, आणि म्हातारं माणूस घरात येईल तेव्हा तो चालू असू द्या.